शिबिरातून वीस रात्रींचा बॅज घेऊन आला, मोजल्या तर बारा. सही तर झालीय. आता?

ओली_काडेपेटी

नमस्कार मंडळी. अमेरिकेत स्काउटिंगमध्ये मुलं-मुली असलेले बरेच जण इथं लिहितात, त्यांच्यासाठी धागा काढतेय. बाकीच्यांनीही वाचा, आमची फजिती बघायला काय हरकत आहे.

लेक ट्रूपमध्ये (स्काउटांच्या गटात) गेला तेव्हा दर आठवड्याला दीड तास गाडीत बसून काय करायचं, म्हणून मी मीटिंगमध्ये डोकावले आणि "काही मदत हवी का?" असं विचारून बसले. पुढच्या महिन्यात मी ॲडव्हान्समेंट चेअर झाले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोण कुठल्या रँकवर आहे, कोणाचे कुठले बॅज झाले, तारखा, सह्या, बोर्ड ऑफ रिव्ह्यू (रँक देण्याआधी मुलाशी बोलणारी समिती) बसवणं, बॅज आणून समारंभासाठी पाकिटं भरणं, ही सगळी कारकुनी. आधीच्या काकांनी चार्ज दिला तो चपलांच्या खोक्यातून. आत रबरबँड लावलेली, बॅजच्या नोंदींची निळी कार्डं, काही पावसात भिजून एकमेकांना चिकटलेली, आणि एका चिठ्ठीवर "याचं बघणे" एवढंच. कोणाचं आणि काय, ते अजून कळलेलं नाही.

आता मुद्दा. यंदाच्या समर कॅम्पहून पोरं परत आली. कार्डांच्या गठ्ठ्यात एका तेरा वर्षांच्या मुलाचं (चिमण म्हणू) कॅम्पिंग मेरिट बॅजचं कार्ड पूर्ण झालेलं आहे. काउन्सेलरची (बॅज करून घेणाऱ्या मोठ्या माणसाची) सही, तारीख, सगळं जागच्या जागी. या बॅजला वीस रात्री लागतात, ही त्यातली नववी अट. त्या स्काउटिंगच्या उपक्रमातल्याच हव्यात, तंबूत नाहीतर उघड्यावर. लांब मुदतीच्या शिबिराच्या सलग सहाच रात्री चालतात, त्याही एकदाच. मी ट्रूपचं कॅलेंडर घेऊन बसले. गेल्या वर्षीचा कॅम्प ६. चार वीकेंड आउटिंगच्या मिळून ६. झाल्या बारा. यंदाच्या कॅम्पच्या नियमाने धरता येत नाहीत, पण समजा धरल्या, तरी अठराच!

चिमणची आई माझी मैत्रीण. समारंभ तीन आठवड्यांवर. स्काउटमास्टर म्हणाले, "पुस्तकात काय आहे ते बघ, मग बोलू." पुस्तक म्हणजे गाइड टू ॲडव्हान्समेंट. ते वाचतेय आणि दर पानाला झोप येतेय.

तुमच्यापैकी कोणी हे निस्तरलंय का?

निशाचर

चेअर झाल्याबद्दल सांत्वन. 😄 खोका टाकू नका, त्यात एक दिवस कोणाचं तरी ईगल (सगळ्यात वरची रँक) निघेल.

कंदील

माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या माणसाने सही केली, विषय संपला. चूक कॅम्पच्या काउन्सेलरची, शिक्षा तेरा वर्षांच्या पोराला का? त्याने काही खोटं सांगितलं असेल असं वाटत नाही. त्याला कोणी विचारलंच नसेल.

गाठ_निरगाठ

काडेपेटीताई, अकरा वर्षं या भानगडीत आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पुस्तक दोन गोष्टी सांगतं आणि पहिल्यांदा वाचताना त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. पहिली: अट जशी लिहिलीय तशीच. कोणीही त्यात भर घालायची नाही, कोणीही त्यातून काढायचं नाही. ट्रूपने नाही, काउन्सेलरने नाही, तुम्ही नाही, मी नाही. दुसरी: काउन्सेलरने सही केली की बॅज झाला. नंतर ट्रूपने बसून "बरं, दाखव बघू, तंबू कसा ठोकतात" असं करायचं नाही. फेरपरीक्षा बंद.

मग काउन्सेलरनेच अट कापली तर? त्यासाठी एक अरुंद वाट ठेवलेली आहे. मुलाला ती अट पूर्ण करणं शक्यच नव्हतं हे उघड उघड दिसत असेल, तर कॅम्पचे डायरेक्टर, तो काउन्सेलर यांच्याशी आधी बोलायचं आणि मग युनिट लीडर (म्हणजे स्काउटमास्टर) किंवा तुमच्यासारखी ॲडव्हान्समेंट चेअर जेवढ्या अटी खरोखर झाल्या असू शकतात तेवढ्यांचंच श्रेय ठेवू शकते. बाकीचं पार्शल, म्हणजे बॅज अर्धवट झाल्याची नोंद. आणि नुसतं "नाही झालं" म्हणून मुलाला वाऱ्यावर सोडायचं नाही, उरलेलं करून घेईल अशा काउन्सेलरचं नाव त्याच्या हातात द्यायचं.

इथं "शक्यच नव्हतं" या शब्दांवर बोट ठेवा. शिकवलं वाईट, वर्गात चाळीस पोरं होती, काउन्सेलर फोनवर होता, हे या वाटेला पुरत नाही. त्याची तक्रार करा, जरूर करा, पण बॅज पोराचाच. तुमच्याकडे मात्र आकडा आहे. अठरा म्हणजे वीस नव्हे, यात मतभेदाला जागा कुठे आहे? ही वाट नेमकी तुमच्यासाठीच आहे.

एकच सांगणं: लवकर करा. बॅज शर्टावर... म्हणजे पट्ट्यावर शिवला गेल्यावर सहा महिन्यांनी हे उकरून काढणं म्हणजे क्रूरपणा.

पोटोबा

गंमत वाटते. आपण पोलीस कधीपासून झालो? या पोरांनी हे सगळं शेवटी कॉलेजच्या अर्जात एक ओळ म्हणून लिहायचं. आमच्या ओळखीच्यांनी बाराव्या वर्षापासून एक्सेल केलंय. आठ वीकेंड, आठ बॅज. चौदाव्या वर्षी ईगल. कोणाच्या काय पोटात दुखतंय?

गाठ_निरगाठ

पोटोबा, एक्सेल आमच्याकडेही आहे हो, पण ते मुलाला ठेवायला लावतो. चौदाव्या वर्षी ईगल करणारं मूल मी पाहिलंय आणि ते खरोखर त्या तोडीचं होतं. वय ही अट नाही, "अजून लहान आहे" म्हणून अडवणं हीसुद्धा भर घालणंच. फक्त ते एक्सेल कोण भरतं, तेवढं सांगा.

पोटोबा

आई. 😐

तंबूतली_आई

😂😂 पोटोबा, प्रामाणिकपणाबद्दल एक बॅज तुम्हाला.

आमच्याकडची उलटी गोष्ट सांगते, कारण सगळे फक्त "फुकट वाटतात" म्हणून ओरडतात. मी ट्रूप कमिटीवर आहे, बोर्ड ऑफ रिव्ह्यूला बसते. कमिटीचे तिघे ते सहाजण असतात. स्काउटमास्टर आणि त्यांचे असिस्टंट नाहीत, आणि पोराचे आईबाप तर नाहीतच. तर एक मुलगी फर्स्ट क्लास रँकच्या बोर्डाला आली. गणवेश इस्त्रीचा, केस घट्ट बांधलेले, हातात हँडबुक. आमच्यातले एक गृहस्थ, माणूस चांगला, नौदलातून निवृत्त, खिशातून दोरीचा तुकडा काढून म्हणाले, "बोलाइन." तिने घेतला. हात थरथरत होता. सशाचं भोक, झाड, ससा बाहेर, झाडाला वळसा... आणि ससा चुकीच्या बाजूने आत गेला. गाठ सुटली. पोरीने दोरी टेबलावर ठेवली आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "मला आठ महिन्यांपूर्वी येत होती."

आणि खरंच येत होती! हँडबुकमध्ये सही होती. आठ महिन्यांनी पुन्हा मागायचा आम्हाला काय अधिकार? बोर्ड हे बघायला असतं की काम झालंय का, तिला ट्रूपमध्ये कसं वाटतं, पुढे काय करायचंय, आमचा कार्यक्रम कुठे कमी पडतोय. मी तेव्हा नवी होते, गप्प बसले. अजून लागतं ते मनाला. मुलगी पास झाली, पण पुढच्या बोर्डाला यायला तिने वर्ष लावलं.

त्यानंतर आमच्या कमिटीत एक पद्धत पडली. बोर्डाच्या आधी सगळ्यांनी खिसे रिकामे करायचे, दोरी सापडली तर ती जप्त.

शिट्टी

तंबूतली_आई, तुमचा ससा वाचून शाळा आठवली. आमचे स्काउटचे सर गुडघ्याला दोरी बांधून गाठी शिकवायचे. तिकडे प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, असं चढत जायचं. आणि "खरी कमाई"! शेजाऱ्यांची सायकल पुसून दिली, त्यांनी कार्डावर काम नि पैसे लिहून सही केली. माझ्या आजोबांनी मला काम न करता पैसे देऊ केले होते आणि आजीने ते परत घ्यायला लावून अंगण झाडून घेतलं. इथली भर-घट भानगड आमच्या आजीला पुस्तक न वाचता ठाऊक होती.

अवांतर झालं, क्षमस्व. चालू द्या.

ओली_काडेपेटी

अजिबात अवांतर नाही, आजीला ॲडव्हान्समेंट चेअर करायला हवं होतं.

कंदील, तुमचं पटतंही आणि नाहीही. मी काल चिमणच्या कार्डाकडे परत बघितलं. ब्ल्यू कार्डाचे तीन भाग असतात: एक ट्रूपचा, एक मुलाचा, एक काउन्सेलरचा. मागे अटींचे छोटे छोटे चौकोन. त्यात बाकी प्रत्येक चौकोनात वेगळ्या दिवशीची आद्याक्षरं आहेत, सोमवार, मंगळवार, बुधवार. आणि नववी अट, तिच्यावरून वरून खालपर्यंत एकच उभी रेघ. शुक्रवार. शेवटचा दिवस, दुपारी रांग लागलेली असणार, वीसेक पोरं, टेबलावर कार्डांचा ढीग. तो काउन्सेलरही अठरा-एकोणीस वर्षांचा कॉलेजकुमार असेल. मला त्याचा रागसुद्धा येईना.

आता चिमणच्या आईशी कसं बोलू ते सुचवा. नियम कळला, जीभ वळत नाही.

कंदील

आईशी का? चिमणशी बोला ना.

(मी अजून माझ्या मतावर आहे. पण बोलायचंच असेल तर त्याच्याशी.)

गाठ_निरगाठ

कंदील यांना शंभर टक्के अनुमोदन. मी हे लिहायला हवं होतं. फक्त एकटीने कोपऱ्यात घेऊन बोलू नका. मोठा माणूस नि मूल एकटे असं कधीच नाही, दुसरा मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात हवाच. मेसेज, ईमेलचंही तेच, पालक किंवा दुसरे लीडर कॉपीत.

वांगी_पोहे

कब स्काउटमधून (लहान मुलांच्या विभागातून) नुकतेच ट्रूपमध्ये आलोय. एक बाळबोध प्रश्न. पॅकमध्ये (कबच्या गटात) असताना आम्हीच घरी करून घ्यायचो आणि झालं म्हणून कळवायचो. परवा मी सवयीने हँडबुकात टेंडरफूट रँकच्या तीन अटींवर सही ठोकली, तर एका पंधरा वर्षांच्या मुलाने मला अतिशय नम्रपणे सांगितलं, "सर, यू कान्ट साइन दॅट." मी चाळीशीचा, इंजिनिअर! काय चुकलं माझं?

तंबूतली_आई

😂 तुमचं पेन अजून कब स्काउटमध्येच आहे.

कबचा कणा "डू युवर बेस्ट" हा. पोराने आपल्या परीने जीव ओतून केलं ना, झालं. ते वयही तसंच, सहा-सात वर्षांचं पिल्लू. ट्रूपमध्ये मात्र "प्रयत्न केला" पुरत नाही, अटीत जे लिहिलंय ते व्हावं लागतं. आणि सही कोणी करायची ते स्काउटमास्टर ठरवतात. बऱ्याच ट्रूपमध्ये सुरुवातीच्या रँकच्या सह्या मोठी मुलंच करतात. तो पंधरा वर्षांचा पोरगा बहुतेक ट्रूप गाइड असणार. तुमच्या तीन सह्यांच्या जागी त्याच्याकडून पोराला करून घेऊ द्या. नियम आहे म्हणून नव्हे फक्त, तुमच्या मुलाला त्या दादाकडे जायला कारण मिळतं म्हणून.

गाठ_निरगाठ

जोडीला क्रियापदं बघायची सवय लावून घ्या. "सांगा" म्हटलंय तर सांगणं पुरे, "करून दाखवा" म्हटलंय तर करूनच दाखवायचं. आमच्या ट्रूपमध्ये फर्स्ट एडला एक मुलगा स्प्लिंटची माहिती फाडफाड इंग्रजीत म्हणून दाखवत होता. काउन्सेलर बाईंनी शांतपणे आपला हात पुढे केला: "बांध." तिथं गाडी अडली. त्यावर त्याची आई मला म्हणाली, "पण त्याला सगळं येतं हो." आपल्याकडे येणं म्हणजे म्हणता येणं. हे लिहिताना मीही त्यातलाच आहे, घरी माझी बायको मला तेच ऐकवते.

उलटंही खरं. "चर्चा करा" अशी अट असताना वीस पानी वर्कशीट भरून आणायला लावणारे काउन्सेलर आहेत. अटीतच लिहून आणायला सांगितलं नसेल, तर वर्कशीट ही सोय आहे, सक्ती नव्हे. मुलाने अदबीने म्हणावं, मी तोंडी सांगतो.

वांगी_पोहे

कळलं. पेन म्यान केलंय. दुसरा प्रश्न: बायको अकाउंटंट आहे, पर्सनल मॅनेजमेंटची काउन्सेलर व्हायचं म्हणते. आपल्याच मुलाला चालतं का?

गाठ_निरगाठ

नोंदणी, मुलांच्या सुरक्षिततेचं ट्रेनिंग आणि काउन्सिलची (संस्थेच्या स्थानिक शाखेची) मंजुरी असेल तर चालतं. शक्यतो इतर मुलांबरोबर करावं, एकट्या स्वतःच्या मुलाला बसवून नको. एका काउन्सेलरकडे एका मुलाने किती बॅज करायचे यावर स्काउटमास्टर मर्यादा घालू शकतात, पण मग ती सगळ्यांना सारखी.

आणि वहिनींना सांगा, त्या बॅजमध्ये तेरा आठवडे ओळीने जमाखर्च लिहायचा असतो. फॅमिली लाइफला नव्वद दिवस घरची कामं. पर्सनल फिटनेसला बारा आठवडे. या तिघांनी किती ईगल बुडवलेत! आमच्याकडे एक अतिशय गुणी मुलगा होता. प्रोजेक्ट झालेला, वीस बॅज झालेले, फक्त हा तेरा आठवड्यांवाला राहिलेला. माझ्याकडे आला तेव्हा अठराव्या वाढदिवसाला ऐंशी दिवस होते. तेरा आठवडे म्हणजे एक्याण्णव. मी दोनदा मोजले. त्याने स्वतः मोबाइलवर मोजले. मुदतवाढीची सोय आहे, पण ती आजारपण वगैरे हाताबाहेरच्या कारणांसाठी, विसरलो यासाठी नाही. त्याने मला विचारलं नाही की काही करता येईल का. फक्त "ओह" म्हणाला.

तेव्हापासून चौदाव्या वर्षीच या तीन बॅजची तारीख मी फळ्यावर लिहायला लावतो.

निशाचर

गाठ_निरगाठ, ती "ओह" लिहायला नको होती. आता झोप येणार नाही.

अर्धी_वाट

वाचनमात्र होते, आज लिहिते. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. "कोणी काढायचं नाही" हे वाक्य आधी मला भिंतीसारखं वाटलं. त्याला पायी हाइक कशी जमणार? मग कळलं की कायमचं अपंगत्व असेल तर फर्स्ट क्लासपर्यंतच्या रँकसाठी काउन्सिलकडे पर्यायी अटींचा अर्ज करता येतो, डॉक्टरांच्या पत्रासह. पर्यायी अट मूळ अटीइतकीच कस लावणारी हवी. मेरिट बॅजच्या अटी मात्र बदलत नाहीत, ईगलसाठी लागणारा एखादा बॅज जमणारच नसेल तर त्याऐवजी दुसरा बॅज मंजूर करून घ्यायचा. आणि आधी जे जमतंय ते सगळं करून झालेलं हवं.

कागद खूप झाले, पाच महिने गेले. पण मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्याकडचे सगळे लीडर इतके प्रेमळ की दर वेळी "इट्स ओके बडी, वुई'ल काउंट इट" म्हणून सही करायला निघायचे. आणि हा चिडायचा. एकदा स्काउटमास्टरांच्या हातातून हँडबुक ओढून घेतलं. त्याला मंजूर झालेली अट होती व्हीलचेअरवरून अंतर कापण्याची, आणि शेवटचा तुकडा चिखलामुळे राहिला होता. दोन आठवड्यांनी जाऊन तेवढाच तुकडा केला, मग सही घेतली.

कंदील, चिमणचं मला माहीत नाही. पण आधी त्याला विचारा.

कंदील

विचारायलाच हवं. माघार घेतोय. 🙏

पोटोबा

आता मीही एक विचारतो, खरंच विचारतोय. ईगल प्रोजेक्टला आमच्या ट्रूपमध्ये शंभर तास लागतात असं सांगितलंय. मुलाचा प्रोजेक्ट छान आहे, एका प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी बाकं आणि कुत्र्यांचे ओटे. पण हिशेब साठ-सत्तर तासांचाच होतोय. तास वाढवायला काय करावं?

गाठ_निरगाठ

काही करू नका! तासांची अटच नाही. किमान तास मागणं म्हणजे भर घालणं. प्रोजेक्टमध्ये त्याने आखणी केली का, दुसऱ्यांचं नेतृत्व केलं का, ज्यांच्यासाठी केलं त्यांना उपयोग झाला का, हे बघायचं. तास लिहून द्यायचे असतात, पण ती नुसती नोंद. वर्कबुकातला प्रस्ताव मात्र काम सुरू करण्याआधी चौघांकडून मंजूर हवा: लाभार्थी, स्काउटमास्टर, कमिटी आणि काउन्सिल किंवा डिस्ट्रिक्ट. आधी ओटे बांधून मग सह्या गोळा करायला गेलात तर तिथं मी तुमच्या बाजूने नाही.

"आमच्या ट्रूपमध्ये असंच आहे" असं कोणी म्हणालं की पुस्तकातली ओळ दाखवायला सांगा. भांडू नका, फक्त दाखवायला सांगा.

पोटोबा

मुलाला सांगतो. तोच विचारेल. (एक्सेलही त्याच्याकडे सोपवलंय. दोन दिवसांत त्याने तीन रकाने उडवले.)

शिट्टी

पहिल्या ईगलचं बोर्ड कोणी घेतलं होतं माहितीय का? १९१२ साली, आर्थर एल्ड्रेड नावाचा मुलगा. समोर बसले होते जेम्स वेस्ट, अर्नेस्ट थॉम्पसन सेटन आणि डॅनियल कार्टर बिअर्ड. म्हणजे ज्यांनी संस्था उभी केली तेच. ईगल म्हणजे नेमकं काय हे तेव्हा कोणालाच धड माहीत नव्हतं, बिचाऱ्याला चांगलंच घोळसलं असणार. त्याच्या आदल्या वर्षी मेरिट बॅज एकूण सत्तावन्न होते. एकवीस लागायचे तेव्हाही, आजही एकवीसच.

तंबूतली_आई

बिअर्डच्या खिशात दोरी असणार. पैज.

ओली_काडेपेटी

अपडेट देते, बरेच जण व्यनि (खाजगी निरोप) करून विचारतायत.

कॅम्पला फोन केला. डायरेक्टर बाईंनी दुसऱ्या दिवशी उलट फोन केला, त्यांच्या नोंदीत चिमणची नववी अट "अपूर्ण" अशीच होती! कार्डावर मात्र रेघ. त्यांनी माफी मागितली आणि लेखी ईमेल पाठवली. म्हणजे मला वाटत होतं तितकं युद्ध करावंच लागलं नाही.

मग मीटिंगनंतर चिमण, स्काउटमास्टर आणि मी, हॉलमध्येच, बाकी पोरं खुर्च्या आवरत असताना. मी कॅलेंडर पुढे केलं. घरून चांगली पाच वाक्यं पाठ करून गेले होते, त्यातलं पहिलं सुरू केलं तर तो म्हणाला, "आय नो." मग त्याने बॅगेतून एक छोटी वही काढली. पानापानावर आउटिंगचं नाव, तारीख, पुढे रात्रींचे उभे दांडे. त्याच्या हिशेबाने अकरा. माझ्या हिशेबाने बारा. मी म्हटलं, जानेवारीतली एक राहिली तुझी. तर म्हणे, ती केबिनमध्ये होती, आम्ही तंबू लावलाच नव्हता, ती धरायची नाही ना?

माझ्या कॅलेंडरवर नुसतं "विंटर आउटिंग, १ रात्र" होतं. मी ती खोडली.

मग कार्ड पूर्ण होऊन आलं तेव्हा बोलला का नाहीस, असं स्काउटमास्टरांनी विचारलं. त्याला वाटलं होतं, कॅम्पवाल्यांना काहीतरी जास्त माहीत असणार. मोठ्या माणसाने सही केली होती ना.

त्याच्या आईने मात्र माझ्याशी चार दिवस धड बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी फोन आला, "अगं, त्याला वही आहे हे मलाच माहीत नव्हतं." तेवढंच. समारंभात त्याला इतर तीन बॅज मिळाले. कॅम्पिंगचं नवं कार्ड काढलं, झालेल्या अटींवर तारखा टाकल्या, आणि ट्रूपमधल्याच एका काउन्सेलरचं नाव दिलं. अजून नऊ रात्री. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या आउटिंगच्या मिळून चार होतील.

कंदील

वहीचा फोटो टाकता आला असता तर. नको, राहू दे. त्याची आहे.

निशाचर

ताई, खोक्यातली "याचं बघणे" चिठ्ठी कोणाची ते लागलं का?

ओली_काडेपेटी

लागलं. एका मुलाचं पोहण्याचं पार्शल होतं, चार वर्षांपूर्वीचं. तो आता सतरा वर्षांचा आहे. कार्ड भिजलंय पण सही वाचता येते. पार्शल अठरापर्यंत चालतं म्हणून त्याला मेसेज टाकलाय, स्काउटमास्टर कॉपीत.

वांगी_पोहे

ब्ल्यू कार्ड कुठे मिळतं? आणि स्काउटमास्टर सही करायला नाही म्हणाले तर?

गाठ_निरगाठ

ट्रूपकडेच मागा, कार्ड तेच देतात. कुठला बॅज करायचा ते मुलाने ठरवायचं, स्काउटमास्टरांनी त्याच्याशी बोलून सही करायची. "हा तुला झेपणार नाही" असं वाटलं तर ते तसं सांगतील, पण अडवता येत नाही. मागायला मुलाला पाठवा. तुम्ही गाडीत बसा.